एक ठोका जास्त

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी वायर चिकटपट्टीने बांधलेली आहे, फटींत चहाचे थेंब वाळलेले आहेत, आणि माझं 'एम'चं बटण डाव्या कडेला इतकं झिजलंय की त्यावरचं अक्षर केव्हाच पुसलं गेलं. नव्या लोकांना माझ्याकडे बघून हसू येतं. हसू देत. ज्या कीबोर्डच्या पोटात रंगीत दिवे लागतात, त्यालाही म्हातारपण चुकणार नाही.

माझं सगळं आयुष्य भोसरीत, सोपानरावांच्या फोटो-व्हिडिओच्या दुकानात गेलं. दुकान पहिल्या मजल्यावर आणि खाली सगळी वर्कशॉप. लग्नं, बारशी, दुकानांची उद्घाटनं, सगळ्यांचे व्हिडिओ माझ्या हाताखालून गेले. काम सांगायला सोपं. गाणं ऐकत राहायचं आणि ठोका पडला की 'एम' दाबायचं. पडद्यावर तिथे एक खूण उमटते. मग प्रत्येक खुणेवर चित्र बदलायचं. ढोल वाजला की नवरी वळली पाहिजे, ताशा कडाडला की अक्षता उडाल्या पाहिजेत. जरा इकडेतिकडे झालं तर काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण चुकलं हे त्याला बरोबर कळतं.

माझा पहिला धनी जयसिंग. आधी तो कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे ठोका मारून पत्रा कापणाऱ्या मशिनवर होता. प्रेसने त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. कारखान्याने म्हटलं, याचं कामात लक्ष नव्हतं, ठेका चुकला. जयसिंग सगळ्यांना सांगत राहिला, "माझा ठेका नाही चुकला राव. पाय पेडलवर नव्हता माझा. तिनंच एक ठोका जास्त टाकला." कुणी ऐकलं नाही. गरिबाचं खरंही खोटंच ठरतं. मग तो इथे आला आणि उरलेल्या अंगठ्याने 'एम' दाबायला शिकला. अंगठा डावीकडून यायचा, तिरका आणि जड. त्याच्यासारखं ठोक्यावर कापणारा अख्ख्या भोसरीत दुसरा नव्हता, हे मी अभिमानाने सांगतो. पुढे तो काविळीने गेला. कारखानाही बंद पडला, मशिनं कुठे कुठे विकली गेली. मला सोपानरावांनी एका क्रेटमध्ये टाकलं आणि माझ्यावर धूळ साचली.

मला बाहेर काढलं उत्कर्षाने. ही बीडकडची मुलगी, लग्न होऊन भोसरीत आलेली. नवरा रविराज खालच्याच गल्लीत, दादासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर कामाला. नवा कीबोर्ड बिघडला म्हणून तिने मला पुसून घेतलं आणि मग मलाच ठेवलं. जयसिंगची गोष्ट कळल्यावर तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो हसला होता. "अगं, पेडल दाबल्याशिवाय प्रेस पडतच नाही. पाय जमिनीवर असला की बिनधास्त हात घालायचा." तिने त्यावर विश्वास ठेवला. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ती गावाहून इतक्या लांब आली होती, तेव्हा हे काय मोठं.

खंडेनवमी जवळ आली तशी दादासाहेब स्वतः जिना चढून वर आले. त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातली एक जुनी प्रेस विकत घेऊन हिरवीगार रंगवली होती. पूजेला मोठ्या कंपनीचे साहेब येणार, त्यांना व्हिडिओ दाखवायचा होता.

"पोरी, ढोल वाजला का प्रेस पडली पायजे. ठोक्याला ठोका! आन् तुझा नवराच उभा हाय की तिच्यावं, मग काय कमी न्हाई पडायचं," ते म्हणाले.

सोपानरावांनी शूटिंग करून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्कर्षा कामाला बसली. खाली रविराजची शिफ्ट चालू होती आणि प्रेसचा आवाज जमिनीतून माझ्यापर्यंत येत होता. आमच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे चित्राचा मूळ आवाज बंद करायचा आणि वर गाणं टाकायचं. तिने तेच केलं. ढोल सुरू झाला, 'एम', 'एम', 'एम', आणि हिरवी प्रेस तालावर पडू लागली. रविराज ऐटीत उभा होता. उत्कर्षा गालात हसली.

एक तुकडा मात्र काही केल्या बसेना. तिथे प्रेस ठोक्याच्या अधेमधेच पडत होती.

"ठेक्यात बसत नाही ते कापून टाक," सोपानराव म्हणाले. तिने कापलं. तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि बघू लागली.

आणि माझं 'एम'चं बटण खाली गेलं.

माझ्यावर कुणाचंही बोट नव्हतं. जिथून तिने तुकडा कापला होता, नेमकी तिथेच खूण उमटली. तिने ती पुसली. चित्र पुन्हा तिथे आलं, बटण पुन्हा दबलं. तिने बटण उपटून कापसाने पुसलं आणि परत बसवलं. तरी तेच.

"सर, बटण चिकटतंय हो," ती म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

"जयसिंगचा कीबोर्ड तो. हट्टीच असणार," सोपानराव म्हणाले. त्यांनी चेष्टा केली खरी, पण ते जवळ काही आले नाहीत.

मित्रांनो, बटण चिकटलेलं नव्हतं. त्याच्या डाव्या कडेवर ओझं होतं, तिरकं आणि जड. मला ते ओझं ठाऊक होतं. मी घाबरलो, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला.

उत्कर्षाने कापलेला तुकडा परत आणला. ढोल बंद केला आणि मूळ आवाज चालू केला. पेडल दबलं, खट्. प्रेस पडली, धप्प. खट्, धप्प. मग सोपानरावांचा आवाज आला, "रविराज, इकडे बघा जरा!" रविराज हात मागे घेऊन कॅमेऱ्याकडे हसला. आणि मागे प्रेस पडली. धप्प. खट् झालंच नव्हतं. तिने चित्र थांबवून पाहिलं. त्याचा पाय जमिनीवर होता.

तिने फोन लावला. मशिनवर फोन घेऊ देत नाहीत. ती चपला न घालता जिना उतरली.

मी टेबलावर पडून खालचं ऐकत राहिलो. खट्, धप्प. खट्, धप्प. खट्, धप्प. जिना उतरून, गल्ली ओलांडून ती वेळेत पोचणार कशी? आणि मग, धप्प. नुसतंच.

त्यानंतर खालची मशिनं एकेक करून थांबली. गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सोपानराव उठून उभे राहिले, पण त्यांना जिना उतरवेना.

बऱ्याच वेळाने पावलं वाजली. उत्कर्षा आली, मागे रविराज. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू वरडलीस म्हणून वळलो बघ मी," तो म्हणाला. "हात घालणारच होतो. पाय खालीच होता माझा, देवाशप्पथ, खालीच होता."

"मला माहितीय," उत्कर्षा म्हणाली. "आधीही एकानं हेच सांगितलं होतं."

आधार हवा म्हणून त्याने हात टेकला तो नेमका माझ्यावर. पाचही बोटं होती. मी मोजून घेतली. आणि त्यांच्या शेजारी, 'एम'च्या डाव्या कडेवर, एक अंगठा होता. तो जरा वेळ टेकून राहिला आणि मग हळूच उचलला गेला. पुन्हा तो कधी आला नाही.

दादासाहेबांनी ती प्रेस बंद करून बाहेर काढली. पूजेला व्हिडिओ दाखवलाच नाही.

मित्रांनो, मी आता थकलोय. मला रोज पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, एवढं मागणं तर कुठलाही कीबोर्ड करील. माझं मागणं वेगळं आहे. ठेक्यात न बसणारा तुकडा तुम्ही खुशाल कापा, पण कापण्याआधी त्याचा आवाज एकदा ऐका. जयसिंगचा कुणी ऐकला नव्हता.