लक्ष्मीच्या मुंग्या

मंडळी, माया जरूर करावी, पण डोळे उघडे ठेवून! सोलापुरातल्या कल्लप्पा किराणावाल्याचं काय झालं ते ऐका. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट.

दुकान उघडलं की भवानी, म्हणजे पहिली विक्री, होण्याआधी गुळाचा खडा गंगीच्या तोंडात, हा त्याचा नेम. गंगी म्हणजे त्याची कुत्री. तिचं तोंड गोड झालं की गिऱ्हाईक येतं म्हणे! वर बायकोची, शिवबाईची, रोजची गुळाची शेंगापोळी.

पुढं गंगीची तहान भागेना. पाणी ढोसायची आणि उंबऱ्यातच मुतायची. खायची अधाशासारखी, तरी फासळ्या वर आलेल्या. ओल्या उंबऱ्याला मुंग्या लागल्या, तर कल्लप्पा खूश! "काळ्या मुंग्या म्हंजे लक्ष्मी की! झाडू नगंस." पुसून पुसून वैतागलेल्या शिवबाईनं पाण्याचं भांडंच उचलून ठेवलं. गंगी वाळतेय म्हणून कल्लप्पानं गूळ वाढवला.

एके सकाळी गंगी उठेचना. तिला पोत्यावर घालून दोघं टांग्यानं जनावरांच्या दवाखान्यात धावले.

मानसिंग डॉक्टरांनी दोघांकडून सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "मुतते तिथं मुंग्या लागतात?"

"व्हय! लक्ष्मीच्या."

डॉक्टर हसले नाहीत. लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी तापवली. निळ्याचं विटकरी झालं!

"ही साखर. मधुमेह आहे हिला."

"कुत्रीला? साखरंचा रोग?"

"का, तिला जीव नाही? तहान रोगाची होती, कल्लप्पा. तुम्ही पाणी तोडलंत आणि गूळ चारलात!"

कल्लप्पानं गंगीचं डोकं मांडीवर घेतलं. "माज्याच हातानं मारली म्हना की हिला!"

"मेली कुठं अजून? सलाईन लावतो. शुद्धीवर आली की रोज इन्शुलिनची सुई, तीही जन्मभर. मात्रा मी ठरवीन. खाणं वेळेवर, पाणी मागेल तेवढं. गोड मात्र बंद!"

गंगी वाचली! सुई टोचायला शिवबाई शिकली. कल्लप्पा सुई दिसली की तोंड फिरवायचा, आणि शिवबाई म्हणायची, "तुमच्यापरीस गंगी धीराची!"

पुढं एकदा शिवबाई उंबरा झाडताना ओरडली, "अवो, मुंग्या गेल्या की!"

सवयीनं गुळाच्या ढेपेकडं गेलेला हात कल्लप्पानं मागं घेतला. गंगीच्या पाठीवर मांस चढलं होतं. त्याचे डोळे भरून आले. "जाऊ दे. साखर उतरली म्हनायची. लक्ष्मी ही काय, हितं शेपूट हलवतिया!"

मंडळी, मुक्या जिवाला काय हवं ते आपल्या रिवाजाला विचारू नका, डॉक्टरला विचारा. आणि तहानलेल्याचं पाणी कधी तोडू नका.

भवानीचं म्हणता? ती त्या दिवशीही झालीच की, गुळाच्या खड्याशिवाय!