तेंगदादांचा हातगुण

त्या हिवाळ्यात आमच्या घरातले रेडिएटर गार पडले होते, आणि माझी लेक वेनजिंग दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या पोरीला छातीशी धरून दोन-दोन रजया पांघरून बसली होती. पोरीचं लाडाचं नाव मीली, म्हणजे तांदळाचा दाणा. होतीही दाण्याएवढीच. चीनच्या ईशान्य टोकाच्या जियामुसीची थंडी, खिडकीच्या आतल्या बाजूनं बर्फ धरलेला. राळ्याची पेज चुलीवरून पलंगापर्यंत नेईस्तोवर कोमट व्हायची.

विहीणबाई आल्या की अंगातला कोट काढायच्याच नाहीत. पर्समधून थर्मामीटर काढून मीलीच्या उशाशी ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

"हे घर आहे का कोबी ठेवायचं तळघर?" त्या म्हणाल्या. "शनिवारी गाडी घेऊन येते. घर गरम झालं असेल तर ठीक. नाहीतर सून आणि नात माझ्याकडे."

नात म्हणे! मुलगी झाली हे कळल्यावर याच बाई दवाखान्यातून बाळाचं तोंड न बघता निघून गेल्या होत्या. वेनजिंगचे टाके अजून सुकले नव्हते. त्यात तिकडे दिवसभर टोमणे. ती मला एवढंच म्हणाली, "आई, मला तिकडे पाठवू नकोस." मी म्हटलं, "मी आहे ना." पण मी असून काय उपयोग, रेडिएटर माझं ऐकत नव्हते.

साऱ्या इमारतीला नळ्यांतून गरम पाणी पुरवणाऱ्या हीटिंग कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं रेडिएटरवर दोन टिचक्या मारल्या, "नळीत हवा अडकलीये," म्हणाला आणि पसार झाला. मग धावून आले ते शेजारचे तेंगदादा. कागद गिरणीतून निवृत्त झालेले. बायकोला अर्धांगवायू झालेला, ती अंथरुणाला खिळलेली, तरी हा माणूस दुसऱ्याच्या मदतीला तयार. एका हातात बादली, दुसऱ्या हातात हवा काढायची चावी, अंगात नुसती बनियन.

"तुम्हाला बघूनच मला हुडहुडी भरते," मी म्हणायची. "कोट तरी घाला!"

"आमच्या घरात ऊन येतं ना," ते खाली बघून म्हणायचे.

चावी फिरवली की फुस्स करून हवा सुटायची, मग काळं पाणी बादलीत पडायचं. जिन्यातल्या कपाटातली, नळीतला गाळ अडवणारी जाळी काढून तीही ते धुवायचे. आणि खरंच, थोड्याच वेळात रेडिएटर तापायला लागायचे! वेनजिंग रजई बाजूला सारायची. मी म्हणायची, "तेंगदादा, तुमच्या हाताला गुण आहे." ते लाजायचे, चहाही न घेता निघायचे. आणि ते गेले की जेवणं व्हायच्या आत सगळं पुन्हा थंडगार. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली, पुन्हा चावी, पुन्हा हातगुण. मी तर मीलीच्या कानात सांगायची, हे तुझे आजोबाच गं.

शुक्रवारी त्यांना यायला जमलं नाही. उद्या विहीणबाई येणार या काळजीनं माझा जीव टांगणीला लागलेला. दिवस मावळायला आणि आमच्या इमारतीची वीज जायला एकच गाठ पडली. समोरच्या इमारतीत दिवे होते. मी वीजवाल्यांचा उद्धार करत मेणबत्ती लावली आणि सवयीनं रेडिएटरवर हात ठेवला.

कोमट होता. मी तिथंच बसून राहिले. कोमटाचा गरम झाला, गरमाचा कढत. नळ्या कुटकुट वाजायला लागल्या. ना कुणी चावी फिरवली होती, ना कुणी जाळी धुतली होती. गेली होती ती फक्त वीज.

आणि घर किती शांत होतं! भिंतीपलीकडून सदान्‌कदा येणारी ती घरघर थांबली होती. शेजाऱ्यांचा फ्रीज असेल असं मी समजत होते. तेंगदादा आमच्याकडे यायचे तेव्हाही ती थांबलेली असायची, हे मला तेव्हा कुठं आठवलं.

वीज आली. घरघर सुरू झाली. जरा वेळानं नळी निवायला लागली, तशी मी उठले आणि शेजारचं दार बडवलं.

तेंगदादा बनियनवरच होते. "गार पडलं का पुन्हा? थांबा, चावी घेतो."

"चावी राहू द्या. आधी नळीला लावलेला तो घरघरणारा पंप बंद करा."

 दारातून उबेचा झोत माझ्या तोंडावर येत होता. आत तेंगवहिनी तक्क्याला टेकून बसल्या होत्या. रजई पायांशी, दंड उघडे, धड असलेल्या हातानं सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या.

"आमच्या वाट्याचं गरम पाणी ओढून घेता," मी दातओठ खात म्हटलं, "आणि घटकाभर पंप बंद करून माझ्या घरी हातगुण मिरवता? लाज नाही वाटत?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो," ते कुजबुजले. "तुम्ही इतकं कौतुक केलंत की जीभच उचलेना. थंडीनं हिचा पाय आखडतो हो. ओरडते."

"माझ्या मीलीला तर ओरडायचीही ताकद नाही. पंप बंद करा, नाहीतर मी कंपनीला कळवते. मग तुमची लाइनच तोडतील."

ते न्हाणीघरात गेले. घरघर थांबली.

"का हो, काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"मोटर बिघडली," ते म्हणाले.

शनिवारी विहीणबाईंनी थर्मामीटर दोनदा झटकून बघितला. मग एकदाचा कोट काढला, आमच्याकडची हिवाळ्यातली गोठवलेली नासपती खाल्ली आणि एकट्याच परत गेल्या. वेनजिंग किती दिवसांनी हसली. मीलीचे पाय पहिल्यांदाच उघडे ठेवले आम्ही. मला आनंद झाला, खोटं का बोलू, खूप झाला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. घरघर नव्हती ती.

"आई, कोण रडतंय गं?" वेनजिंगनं विचारलं.

"टीव्ही असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेंगदादा नेहमीसारखे आले. बादली होती, चावी होती. अंगात जाडजूड कापसाचा कोट, कानटोपी हनुवटीखाली बांधलेली.

"गरम आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. या, बसा."

त्यांनी बादली खाली ठेवली, पुढं येऊन रेडिएटरवर हात ठेवला आणि मान डोलावली. "आता काही करायला नको."

मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तरी त्यांचा हात तिथंच होता. दुसराही त्यांनी शेजारी ठेवला होता.