वीस राणीछाप

फुंकणीची ज्योत लागली आणि रुपयाची कड तांबूस पडली, तशी जैबुनबीने फुंकर थांबवली.

तिने रुपया पाण्यात टाकला, रिठ्याने घासला, पदराने पुसला. तांबूसपणा गेला नाही. चांदी तापवली की मळकट पांढरी होते आणि रिठ्याने पुन्हा उजळते, हे चाळीस वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. समोर ताटलीत अजून एकोणीस रुपये होते. सगळे राणीछाप, इंग्रजांच्या काळचे, झिजलेले दिसणारे. बंजारा तांड्यावरच्या रामीबाईच्या मुलीचं, बबिताचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि या वीस रुपयांना कड्या झाळून, रेशमी गोंड्यांत गाठून तिच्यासाठी हार करायचा होता.

जैबुनबीने एक एक रुपया उचलून त्यावरून अंगठा फिरवला. चौथ्या रुपयाला तिचा हात थबकला. डोळे आता अधू झाले होते, पण अंगठा नाही. राणीच्या गालावर, कानाच्या खाली, एक बारीक ओरखडा होता. तसाच पाचव्यावर. सहाव्यावर. परत पाहिलं, तर पहिल्या तिन्हींवरही. विसाव्यापर्यंत प्रत्येक राणीच्या गालावर त्याच जागी, तेवढाच.

“या अल्ला,” ती पुटपुटली.

मारेगावात तिचा नवरा निजामुद्दीन दागिन्यांना झाळ लावून डाग द्यायचा आणि ती ते रेशमात गाठायची. तो गेला, तेव्हा लोकांना वाटलं की भट्टी विझली. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपवून ती घराबाहेर पडली आणि फुंकणी स्वतःच्या तोंडाला लावून बसली. बाईमाणसाने आगीचं काम करावं का, असं बोलणारे बोलले. तांड्यावरच्या बायका मात्र येत राहिल्या. त्या चांदी सोपवून निर्धास्त बाजारात जायच्या, कारण जैबुनबीच्या ओट्यावरून कुणाची चांदी गुंजभरही कमी होऊन गेली नव्हती.

तिने बटणांच्या फोनवरून रामीबाईला निरोप दिला. “लवकर ये. अन् राजकुमारलेही घेऊन ये.”

दुपारी मायलेक आले. बाप गेल्यापासून घर राजकुमारवर होतं. त्या साली बोंडअळीने कपाशी खाल्ली होती. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी. तांड्याच्या वाटेवर लोकांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांत ढोरं सोडली होती. तरीही बहिणीचा हार वीस रुपयांचाच होणार, असा शब्द त्याने नवरदेवाकडच्या पाहुण्यांना देऊन टाकला होता. सोनाराकडे भाव ऐकून तो परत आला आणि मोबाईलवर त्याला हे रुपये अर्ध्या भावात सापडले.

“बेटा, हे रुपये खोटे हायेत,” जैबुनबी म्हणाली. “आत तांबं हाय.”

राजकुमारने तो तांबूस रुपया उलटसुलट करून पाहिला. त्याचा चेहरा आधी पडला, मग कठीण झाला.

“काहून खोटे असतीन? कंपनीच्या खोक्यातून आलेते. सर्टिफिकीट हाय त्याच्यासंग.”

“कागदाचं मले काय समजते? मी चांदीचं सांगून राह्यली.”

“चार दिवस तं तुमच्यापाशीच होते ना चाची?” तो म्हणाला. मग एकदम आवाज चढला. “मी खरे आनून देल्लेते. तुमीनंच बदलवले!”

ओट्यासमोरून जाणारा भाजीवाला थांबला. समोरच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. रामीबाई मुलाचा दंड धरून गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत, त्याला काहीतरी तोडून बोलली, पण शब्द सुटला तो सुटलाच.

जैबुनबीच्या कानशिलात घणाचा घाव बसल्यासारखं झालं. तिला वाटलं, रुपये फेकून द्यावेत, दार लावून घ्यावं. तिने तसं केलं नाही. हातातली फुंकणी सावकाश बाजूला ठेवली आणि पाण्याचा गडू रामीबाईपुढे सरकवला.

“बस रामी. बेटा, तूही बस. ज्या फोटोवरून घेतले, तो फोटो हाय का अजून?”

“हाय की.”

“काढ. मोठा कर. राणीच्या गालावर पाह्य, कानाच्या खाले.”

राजकुमारने दोन बोटांनी फोटो ताणला. विकणाऱ्याने जाहिरातीत एकच रुपया दाखवला होता, चकचकीत काळ्या मखमलीवर. त्याच्या गालावर बारीक ओरखडा होता. राजकुमारने ताटलीतला रुपया उचलला. मग दुसरा. मग तिसरा. तोच ओरखडा, त्याच जागी.

“एका खऱ्या रुपयाचा साचा काढला त्यानं,” जैबुनबी म्हणाली. “त्याच्यातच हे सारे वतले. वीस रुपये वीस मानसाईच्या कमरेत फिरते, बेटा. सारे एकाच जागी कसे खरवडतीन? अन् मी बदलवले असते, तं तुह्या फोटोतला ओरखडा मी कोठून आनला असता?”

राजकुमारने हातातले रुपये ताटलीत परत ठेवले.

“आता तराजू पाह्य,” ती म्हणाली. रामीबाईच्या गळ्यात तिच्या आईचे सात रुपये होते. त्यातला एक सोडवून जैबुनबीने एका पारड्यात ठेवला आणि फोटोतल्या रुपयाचा भाऊ दुसऱ्यात. खोटं पारडं वर गेलं. मग तिने दोन्ही रुपये एकेक करून दगडी ओट्यावर टाकले. रामीबाईचा रुपया घंटीसारखा बराच वेळ गुणगुणला. दुसरा ‘ठक्’ करून गप्प झाला.

“फोटोतला रुपया वाजत नाई, बेटा. अन् चांदीच्या भावापक्षा खाले चांदी कोनी विकत असते का? त्याले का आपली दया आली?”

समोरच्या बाया हळूच आत गेल्या.

“लगनाचं काय करू मी आता?” रामीबाईने डोक्याला हात लावला. “वीस सांगतले आमी.”

जैबुनबी तिच्या गळ्याकडे बघत होती. “तुह्ये हे सात दे मले. सात खरे पुरतेत. मधात मी गोंडे अन् कवड्या भरतो. पोरीचा गळा रिकामा दिसला, तं माह्यं नाव घे.”

“अन् माह्या गळ्यात?”

“तू लेक देऊन राह्यली, रामी. तुले कोन पाह्यते?”

रामीबाई रडता रडता हसली आणि तिने हार काढून दिला.

जैबुनबीच्याच सांगण्यावरून राजकुमारने विसाच्या वीस रुपयांचे जवळून फोटो काढले आणि माल परत घ्यायची मुदत संपण्याआधी तक्रार टाकली. महिन्याभराने पैसे परत आले, तांबूस पडलेल्या रुपयाचे सोडून. पण ते पुढचं. त्या दिवशी तो मान खाली घालून निघून गेला, आणि जैबुनबीला संध्याकाळी भाकर गोड लागली नाही.

पाच दिवस ती त्या हारावर बसली. लाल, हिरवं, पिवळं रेशीम, मेणवलेला दोरा, मध्ये पांढऱ्या कवड्या. एक गोंडा मनासारखा जमला नाही, म्हणून तिने सगळा उसवून पुन्हा केला.

लग्नाच्या सकाळी राजकुमारची मोटारसायकल ओट्यापाशी थांबली. तिने कापडात गुंडाळलेला हार पुढे केला.

“हार न्यायले आला ना? घे.”

“हार बी नेतो,” तो म्हणाला. तिच्याकडे बघवत नव्हतं त्याला. “अन् तुमाले बी.”

तांड्यावर मांडवात गर्दी होती. बबिताच्या गळ्यात हार घातला गेला, आणि जैबुनबी मागे, मांडवाच्या खांबापाशी उभी राहिली. नवरदेवाची आजी जमनी पुढे झाली. कोपरापर्यंत बांगड्या, चेहऱ्यावर गोंदण. तिने हार हातात घेतला, रुपये एक एक करून बोटांनी चाचपले, एक रुपया नखाने वाजवून कानाशी नेला.

“सातच हायेत,” ती म्हणाली. ढोलकी थांबली.

“सातच हायेत, आजी,” राजकुमार म्हणाला. “वीस घेतलेते मी मोबाईलवरून. खोटे निघाले. या चाचीनं ओळखले.” त्याने खांबाकडे हात केला. “अन् मी सगळ्याईसमोर चाचीले चोर म्हनलं. म्हून सगळ्याईसमोरच सांगून राह्यलो.”

रामीबाईने डोळ्यांना पदर लावला. जमनीने खांबाकडे पाहिलं. मग सतरंजीवर आपल्या शेजारच्या बायांना तिने हाताने सरकवलं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर थाप मारली.

जैबुनबीने चपला काढल्या आणि जाऊन बसली.

ढोलकी पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने जमनी तिच्याकडे झुकली, आपल्या दंडातलं चांदीचं कडं कुरकुर करत उतरवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

“याची फासकी ढिली झाली बाई, अडकतच नाई. घरी घेऊन जाय. सवडीनं करजो.”

जैबुनबीने ते वजनदार कडं दोन्ही हातांत घेतलं आणि पदराच्या टोकात गाठ मारून बांधलं.