पहिल्या खोलीचा मान

माझे भाऊजी बत्तीस वर्षं सांडपाणी खात्यात होते आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांनी एकही गटार जवळून पाहिलं नाही. गटारं त्यांच्याकडे फायलींतून यायची. फाईल कोरडी असते, तिला वास नसतो आणि ती तुंबली तर कोणाच्या दारात पाणी साचत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर घरामागच्या अंगणात कुत्र्यांसाठी खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा सांडपाण्याचा विषय आपल्याइतका कोणाला कळत नाही असं त्यांना वाटलं, यात त्यांचा काही दोष नव्हता. सगळं घरच तसं समजत होतं.

कुत्री ताईची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला मूल नाही. या विषयावर घरात कधी बोलणं झालं नाही आणि कुत्री पाच झाली. सगळी रस्त्यावरून उचललेली. सर्वांत वडील मुकादम, जो स्वतः काहीही न करता इतरांवर देखरेख ठेवायचा. मग टेकू; भिंत, खांब, माणूस, जे मिळेल त्याला तो टेकून उभा राहायचा. दोघी बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी, त्यांतली अंगाने थोराड धाकटी. आणि शेवटी आलेली काळी. ती आली तीच पोटुशी.

अंगणात मातीच होती. पाच कुत्र्यांनी मिळून तिचा बारमाही चिखल केला होता. मुकादमच्या पंजांच्या बेचक्या सडायला लागल्या, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "मावशी, मलम मी देतेय, पण मलम चिखलात टिकत नाही. यांना कोरडी जमीन द्या."

भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला. तीन दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. चौथ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने अंगणात उकिडवं बसून जमीन पाहिली, मग कागद पाहिला, मग परत जमीन पाहिली.

"काका, असं नको," तो म्हणाला. "प्रत्येक खोलीचा उतार मागे काढू. प्रत्येकीला आपली जाळी, आपला पाइप. भिंतीबाहेर सगळे जोडू आणि शोषखड्ड्यात सोडू."

"पाच जाळ्या म्हणजे तुंबायच्या पाच जागा," भाऊजी म्हणाले.

"मग तुमचं काय म्हणणं?"

"पुढच्या अंगाला एकच उघडी नाली. पहिल्या खोलीतून निघाली ती थेट पाचवीतून बाहेर. मधल्या भिंतींना तळाशी भोकं ठेवायची. पहिल्या खोलीत पाइप धरला की पाचही खोल्यांचं जे काही असेल ते एका पाण्यात शोषखड्ड्यात."

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. "म्हणजे वरच्याची घाण खालच्याच्या दारातून जाणार."

"कुठल्या गावात जात नाही?" मी म्हणालो.

भाऊजी हसले. मिस्त्री हसला. ताईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. विनोद बरा साधला की वाद तिथेच संपतो, आणि त्याच जोरावर मी जन्मभर पोट भरलं. मिस्त्रीने दोरी सोडली आणि आखायला लागला.

काम मात्र नेक झालं. खाली दगड, वर खडी, त्यावर सिमेंटचा कोबा, तो असा घोटलेला की मुकादमला त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि तो गुरगुरला. वीस फुटांत सहा इंचांचा उतार होता. मिस्त्रीने पारदर्शक नळीत पाणी भरून तो तीनदा तपासला, भाऊजींनी चौथ्यांदा. नालीचा तळ गोल ठेवला, म्हणजे कोपऱ्यात काही चिकटायला नको. शोषखड्डा कमरेइतका खोल, विटांच्या तुकड्यांनी भरलेला.

कोबा वाळल्यावर भाऊजींनी सगळ्यांना बोलावलं. पहिल्या खोलीत पाइप सोडला, नालीत एक आगकाडी टाकली आणि मला म्हणाले, "घड्याळ लाव." काडी भोकाभोकातून निघत पाचव्या खोलीतून बाहेर पडली. बावीस सेकंद.

"बघितलंस?" भाऊजी ताईला म्हणाले. "वर टाकलं की खाली पोचलंच पाहिजे. मध्ये कुठे अडकणं नाही."

खोल्यांचं वाटप सेवाज्येष्ठतेने झालं. पहिली मुकादमची, दुसरी टेकूची, तिसरी-चौथी बहिणींची. पाचवी काळीची, कारण ती शेवटी रुजू झालेली. पण तिथे झाडाची सावली होती आणि वर्दळ कमी, म्हणून ताईला ते पटलं. काळी तिथेच व्याली. चार पिल्लं झाली. ताई सकाळचा चहा घेऊन पाचव्या खोलीच्या दाराशी बसायला लागली आणि तो रोज थंड व्हायचा. पिल्लांना नावं ठेवू नकोस, लोक न्यायला येतील, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "ठेवलीच नाहीत." मग चौघांना चार वेगवेगळ्या आवाजांत हाका मारायची.

पिल्लं सात आठवड्यांची झाली. पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाई त्यांना पहिली लस टोचायला येणार होत्या. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मोठे साहेब आले.

मोठे साहेब म्हणजे भाऊजींचे खात्यातले वरिष्ठ. तेही निवृत्त झाले होते, पण त्यांच्यासमोर भाऊजी अजून खुर्चीच्या कडेवर बसायचे. साहेबांना दहा दिवस बाहेर जायचं होतं. हातात सात महिन्यांचा एक उंची जातीचा कुत्रा होता, त्याच्या गळ्यातला पट्टा माझ्या कमरेच्या पट्ट्याहून बरा होता.

"तुमच्याकडे व्यवस्था उत्तम आहे असं ऐकलं," साहेब म्हणाले.

"याच्या लशी झाल्यात ना?" ताईने विचारलं.

"सगळं झालंय. कार्ड घरी राहिलं."

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी छताकडे.

साहेब गेल्यावर ती म्हणाली, "अहो, कार्ड बघितल्याशिवाय नको. निदान बाजूला बांधू, न्हाणीघरात ठेवू."

"साहेबांचा कुत्रा न्हाणीघरात?"

"मग कुठे?"

"पहिल्या खोलीत. मान असतो." भाऊजींनी मुकादमची बदली टेकूच्या खोलीत केली. टेकूला टेकायला आयती पाठ मिळाली. मुकादम त्या दिवशी जेवला नाही.

पाहुण्याला दुसऱ्या दिवसापासून हगवण लागली. पातळ, आणि वास असा की बहिणी दाराच्या जाळीपासून लांब जाऊन बसल्या. भाऊजींनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, जागा बदलली की त्याचं असंच होतं. भाऊजींनी हे जसंच्या तसं आम्हाला सांगितलं, आणि स्वच्छतेत कसूर नको म्हणून दिवसातून तीन वेळा पहिली खोली धुवायला सुरुवात केली. दुपारची पाळी माझी. पाइप सोडायचा, खराट्याने ढकलायचं, की सगळं सरसर खाली. खरं सांगायचं तर त्या कामात एक समाधान होतं. आपल्या समोरची घाण डोळ्यांदेखत नाहीशी होणं आयुष्यात फार वेळा घडत नाही.

सोमवारी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, दवाखान्यात गर्दी आहे, गुरुवारी येते. बुधवारी सकाळी ताईचा चहा थंड झाला नाही, कारण ती तो घेऊनच गेली नाही. एक पिल्लू पाण्याजवळ मान टाकून पडलं होतं. संध्याकाळपर्यंत दुसरं ओकायला लागलं.

डॉक्टरीणबाई गुरुवारची वाट न बघता तासाभरात आल्या. पिल्लाची शेपटी उचलून पाहिली, हिरड्या पाहिल्या आणि हातमोजे बदलले.

"पार्व्हो, कुत्र्यांची साथीची हगवण," त्या म्हणाल्या. "बाहेरचं कुत्रं आलंय का घरात?"

ताईने पहिल्या खोलीकडे बोट केलं. पाहुणा आता बरा होत होता. तो शेपूट हलवत होता.

"पण तो तिथे आहे," भाऊजी म्हणाले. "हे इथे. मध्ये तीन खोल्या आहेत, चार भिंती आहेत. त्याला आम्ही एकदाही इकडे आणलेला नाही."

"भांडी?"

"वेगळी."

"धुण्याचं पाणी कुठून कुठे जातं?"

या प्रश्नाची भाऊजी बत्तीस वर्षं वाट पाहत होते. खात्यात त्यांना तो कोणी विचारला नव्हता. "दाखवतो," ते म्हणाले आणि जवळजवळ धावत पहिल्या खोलीत गेले. पाइप सोडला. खिशातून आगकाडी काढून नालीत टाकली. "आता बघा हं, ही..."

काडी दुसऱ्या खोलीत शिरली. तिसऱ्या. भाऊजी जाळीबाहेरून तिच्याबरोबर चालत होते. चौथ्या खोलीशी त्यांची पावलं मंद झाली. काडी मंद झाली नाही. ती पाचव्या खोलीत आली तेव्हा तिसरं पिल्लू, जे अजून धडधाकट होतं, पुढे आलं, तिला हुंगलं आणि नालीतलं पाणी लपलप प्यायलं.

पाइप तसाच वाहत होता. शेवटी मी जाऊन तो बंद केला.

"मोठ्यांना लस आहे, ती बहुतेक वाचतील," डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पिल्लांना सलाइन लावू. मावशी, मी खोटी आशा दाखवत नाही."

पहिलं गुरुवारी पहाटे गेलं. दुसरं आणि तिसरं शुक्रवारी, तासाभराच्या अंतराने. चौथं दवाखान्यात होतं. ताई सकाळी जायची, दवाखाना बंद व्हायच्या वेळी यायची. भाऊजींना ती एक शब्द बोलली नाही. मलाही बोलली नाही. माझ्याकडे एकदा तिने फक्त पाहिलं, मिस्त्रीचं वाक्य आणि माझं वाक्य दोन्ही तिच्या लक्षात असावं. मी बादलीत जंतुनाशक कालवत बसलो.

रविवारी सकाळी मोठे साहेब कुत्रा न्यायला आले. ताई दवाखान्यातून नुकतीच आली होती आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात रिकामी टोपली.

साहेबांचा कुत्रा त्यांना बघून नाचला. साहेबांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला. "जरा उतरलाय. पण ठीक आहे." मग ते मागे गेले आणि खिशात हात घालून खोल्या बघत उभे राहिले. काळी पाचव्या खोलीत नालीच्या कडेला तोंड ठेवून पडली होती.

"वा," साहेब म्हणाले. "इतकं कोरडं! मलाही घरी असंच करायचंय. नकाशा असेल ना तुमच्याकडे? तुम्ही तर खात्यातले."

भाऊजी आत गेले. आलेखाचा कागद घेऊन आले आणि टेबलावर पसरला. मग कपाटातून लाल शाईचं पेन काढलं. निवृत्त होताना त्यांनी खात्यातून एवढी एकच वस्तू आणली होती. नालीच्या रेषेवर आडवं लिहायला लागले. त्यांचं अक्षर पूर्वीसारखंच वळणदार होतं. 'वरच्या खोलीची घाण खालच्या खोलीतून जाते. लस न तपासता पाहुणा कुत्रा वर ठेवला. तीन पिल्लं दगावली.'

"चार लिहा," दारातून ताई म्हणाली.

भाऊजींचं पेन थांबलं. त्यांनी 'तीन' खोडलं, वर 'चार' लिहिलं आणि खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे छोटी सही केली. मग खाली 'नामंजूर' लिहून पूर्ण सही आणि तारीख. कागद साहेबांच्या पुढ्यात सरकवला. बत्तीस वर्षांत त्यांनी साहेबांकडे पाठवलेला हा पहिला नामंजूर कागद होता.

साहेबांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"अरेरे," ते म्हणाले. "वाईट झालं." त्यांनी चष्मा काढला. "पण आमच्याकडे एकच कुत्रा आहे. आम्हाला चालेल." आणि कागदाची घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला.

साहेब गेल्यावर भाऊजींनी छिन्नी-हातोडा घेतला आणि पहिल्या खोलीपासून नाली फोडायला सुरुवात केली. कोबा इतका पक्का झाला होता की संध्याकाळपर्यंत हातभरसुद्धा निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने काही विचारलं नाही, "मी म्हटलं नव्हतं का" हेही म्हणाला नाही. त्या मानाने तो माझ्याहून सुसंस्कृत. चार दिवसांत चार खोल्या झाल्या. उतार मागे, प्रत्येकीला आपली जाळी. मधली भोकं बुजवली. मुकादम आपल्या जागी परत रुजू झाला.

पाचव्या दिवशी पाचवी खोली. काळी उठेना. टेकू आणि बहिणी बाहेर उन्हात पडली होती. हिच्यापुढे भाकर टाकली, हाक मारली, तिने डोळेही हलवले नाहीत. तिचं तोंड नालीतच होतं.

"काका, उचलू का?" मिस्त्री म्हणाला. "सिमेंट कालवलंय. तासाभरात घट्ट होईल."

"नको. होऊ दे घट्ट," भाऊजी म्हणाले.

"माल वाया जाईल."

"जाऊ दे. ती उठेल तेव्हा करू."

"आणि नाही उठली तर?"

"तर उद्या."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. इथे एखादं वाक्य बसलं असतं. मी सिमेंटचं घमेलं बाजूला ओढलं. भाऊजी जाळीचं दार उघडून आत गेले आणि जुन्या कोब्यावर, काळीपासून हातभर अंतर ठेवून बसले. थोड्या वेळाने ताई चहा घेऊन आली. दोन कप होते. एक तिने त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला, दुसरा घेऊन ती दाराशी तिच्या नेहमीच्या जागी बसली.

दोन्ही कप थंड झाले.