गळतीवाल्याचं वारूळ

चमच्यातलं पाणी गळतीवाल्यानं प्लास्टरवर सोडलं. ते जिरलं नाही. मेणावर थांबावं तसं गोल होऊन थांबलं, आणि त्यानं डबा जरा कलता करताच घरंगळत कोपऱ्यात गेलं. मुंग्या बाजूला पळाल्या.

त्यानं चमचा आपटला आणि स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली.

लोकांच्या गच्च्या, मोऱ्या, टाक्या यांची गळती बंद करण्यात त्याचा जन्म गेला. प्लास्टर कालवायला घेतलं की पाणी अडवणारी पावडर त्यात पडायचीच. शिंकायला कुणी विचार करतं का? तशीच ती लेकीच्या मुंग्यांच्या घरातही पडली. आणि मुंग्यांना तर ओल हवी! भिंतीनं पाणी प्यायलं, तरच आतली अंडी तगतात. हे लेकीनंच त्याला चार वेळा बजावलं होतं आणि त्यानं चारही वेळा मान हलवली होती.

घर तसं फुकटातच झालं होतं. जुना प्लास्टिकचा डबा. लेकीनं खेळण्यातल्या मातीच्या वळ्या करून तळाला चिकटवल्या, त्यानं वरून प्लास्टर ओतलं. सुकल्यावर ठोकळा उलटा करून माती कोरून काढली, की झाले बोगदे आणि खोल्या. वरची काच लग्नाच्या फोटोची.

“नाहीतरी आत काय बघण्यासारखं उरलंय?” तो म्हणाला होता. लेक हसली नव्हती.

राणी तिनंच आणली, शाळेच्या फरशीवर सापडलेली, पंख गळालेली. “ही मेन आहे, बाबा. बाकी सगळे नुसते हमाल.”

भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावा तसा कोर्टानं त्याच्या पदरात रविवार टाकला होता. आधी लेक यायची ती खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळ बघत राहायची. मुंग्या आल्यापासून दारात चपला भिरकावून थेट डब्याकडे धावायची आणि निघताना कुरकुरायची. मुंग्या गेल्या तर रविवारही गेला, एवढं त्याला लख्ख दिसत होतं.

आता अंडी सुकून चुरमडली होती. उरल्यासुरल्या मुंग्या मेलेल्यांना ओढत एका कोपऱ्यात नेऊन टाकत होत्या. त्यानं ओला कापूस कोंबला. उशीर झाला होता. दुसरं घर करायचं तर ते सुकायला वेळ हवा, आणि उद्या रविवार.

मग त्याला शक्कल सुचली. मोरीच्या उंबऱ्यावर तशाच काळ्या मुंग्यांची रांग होती. साखर टाकून त्यानं ओंजळभर गोळा केल्या आणि आत सोडल्या. मुंगी ती मुंगी, घर भरलेलं दिसलं म्हणजे झालं.

त्या आत शिरल्या त्या सरळ राणीच्या खोलीवरच. जुन्या मुंग्या आडव्या आल्या, त्यांचे तुकडे झाले. मग राणीचा एक पाय. मग दुसरा.

“सोडा तिला! अरे हलकटांनो, सोडा!”

त्यानं काचेवर बुक्के मारले. काच उचलून चिमटा घातला, तर तो बोगद्यात मावेना. मुंग्या मनगटावर चढून कडाडून चावल्या. त्यानं काच परत ठेवली आणि मांडी घालून बघत बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. राणीचं पोट ओढत त्या कोपऱ्याकडे नेत होत्या, तेव्हाही तो बघतच होता. शेवटी त्यानं कोपरा साफ केला आणि खोल्यांवर लाल कागद चिकटवला.

रविवारी लेक आली, ती धावतच.

“अगंबाई! केवढ्या झाल्यात!”

“हं.”

“राणी?”

“असेल खाली. कागदाखाली.”

तिनं काचेला नाक लावलं. बराच वेळ काढलं नाही.

“बाबा, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?”

“सांग की.”

“आईची बदली झालीय. लांब. मग मला दर रविवारी नाही जमणार. सुट्टीत येईन.”

तो पंच्यानं हात पुसू लागला. हात कोरडेच होते.

“आईनं पाठवलं सांगायला?”

“नाही. ती केव्हाची म्हणतेय, मी फोन करते. मीच म्हटलं थांब. आधी मुंग्या भरपूर होऊ देत.”

“त्यांचा काय संबंध?”

“असं काय करतोस! तुझ्यासाठीच तर आणली होती तिला. घरात कुणी हवं ना तुझ्याजवळ.” तिनं काचेवर बोटानं टकटक केलं. “आता काळजी नाही. ती आता घालतच राहील अंडी. तू फक्त ओल ठेव.”

“ठेवतो.”

“विसरशील.”

“नाही विसरणार गं.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. लेक उठली, पुन्हा बसली.

“जायच्या आधी एकदा बघू तिला? कागद पटकन उचलते, लगेच ठेवते.”

त्यानं लाल कागदावर पंजा पसरून ठेवला.

“उजेडानं बिथरते ती,” तो म्हणाला. “झोपू दे.”

हॉर्न पुन्हा वाजला.

“बरं,” लेक हळू आवाजात म्हणाली, राणीची झोप मोडू नये म्हणून.