तोंडानं चालवलेली गाडी

“शेवटचं परत वाचा,” मी राजनसाहेबांना म्हटलं.

राजनसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि इंग्रजी पत्राचा शेवट पुन्हा मराठीत सांगितला. “‘गाडी इथल्या पोरांनी पुस्तकात बघून जोडली. चालते, पण आवाज तिचा नाही. मला आता डॉक्टर चालवू देत नाहीत, निदान आवाज तरी तिचा असावा. फोनचा नंबर कळवा, महिनाअखेरच्या शुक्रवारी तुमच्या चार वाजता फोन करतो. रिसीव्हर गाडीजवळ धरीन. शंभूला म्हणावं, ऐक आणि पूर्वी सांगायचास तसं सांग.’”

पत्र ह्यांच्या जुन्या साहेबाचं, ह्यांच्याच नावाचं होतं, पण हे गालिच्याकडे बघत होते. सोफ्यावर बसले होते तेही कडेला, सोफ्याला ओझं व्हायला नको अशा बेताने.

“पूर्वी सांगायचास तसं म्हणजे...” राजनसाहेबांच्या बायकोने, स्मिताताईंनी, विचारायला सुरुवात केली आणि त्यांचं त्यांनाच आठवलं. चहा बघते म्हणून त्या आत गेल्या. ‘तसं’ म्हणजे कसं ते आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच सोफ्यावर बसून ह्यांनी ते करून दाखवलं होतं. आणि मी ते बंद पाडलं होतं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सांगण्यासारखी नाहीच ती.

हे मूळचे देवगडकडचे. एकाहत्तर साली बहारीनला आले आणि मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपात ट्रकांची इंजिनं उघडायला लागले. तिथला मॅनेजर हॅलमसाहेब. त्याची एक जुनी शर्यतीची गाडी होती, हिरवी, दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नाही. दर शुक्रवारी चार-पाच गोरे आपापल्या गाड्या घेऊन वाळवंटातल्या एका पडीक धावपट्टीवर जायचे आणि उन्हातान्हात एकमेकांच्या पुढे पळायचे. गाडी बिघडली की साहेब ह्यांना बोलवायचा. साहेबाला मराठी येत नव्हतं, ह्यांना इंग्रजी ‘येस सर’च्या पलीकडे जात नव्हतं. मग साहेब तोंडानं गाडीचा बिघडलेला आवाज काढायचा, हे तोंडानं चांगला आवाज काढून दाखवायचे, आणि दोघं मिळून स्क्रू फिरवत फिरवत ह्या आवाजापासून त्या आवाजापर्यंत यायचे. आठ-दहा वर्षं दोघांचं बोलणं झालं ते असं.

मला इथे आणायचा कागद साहेबानेच करून दिला. अठ्ठ्याहत्तरमध्ये मी आले तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली साडेसहा मी टपालावर काढली होती. आल्या आल्या पहिल्याच शुक्रवारी ह्यांनी मला वाळवंटात नेलं. मला वाटलं फिरायला. तिथे ती हिरवी गाडी अंगावर येत होती आणि मी कानात बोटं घालून उभी होते.

“बोटा काढ गो,” हे म्हणाले. “तिसऱ्या गिअराक बघ कशी गाता.”

मला गाणंबिणं काही ऐकू आलं नाही. पण ह्यांचा चेहरा बघितला. लग्नात सुद्धा तो तसा नव्हता.

घरीही तेच. जिदहफ्समधल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी दात घासताना गाडी सुरू व्हायची. बाजाराला निघाले की दारात पहिला गिअर, जिन्यात दुसरा. खालचा दुकानदार नजीब हात वर करून “यल्ला, यल्ला”, चल चल, म्हणायचा आणि हे त्याच्यासाठी आणखी एक वळण घ्यायचे. एक्याऐंशीला साहेब कायमचा विलायतेला गेला, गाडीही लाकडाच्या पेटीत घालून बोटीवर चढवली. त्यानंतर तर ह्यांचं चालवणं वाढलंच. वर्कशॉपात नव्या गाड्या यायच्या, त्यांना ह्यांच्या लेखी किंमत नव्हती. “आताची इंजिना गप असतत,” म्हणायचे. “बिघाडली तरी सांगणत नाय.” जेवता जेवता मध्येच थांबून हलक्या आवाजात जुनी गाडी काढायचे आणि चौथ्या गिअरला गेली की भात कालवायला घ्यायचे.

मी हसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. फक्त कुणी बघायला नको असं वाटायचं.

मग इथल्या महाराष्ट्र मंडळात ओळखी झाल्या आणि चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत स्मिताताईंनी आम्हाला फराळाला बोलावलं. उम्म अल हस्समचा मोठा फ्लॅट, सगळे पुण्या-मुंबईचे, इंजिनिअर नाहीतर बँकेतले. मी आठवडाभर तयारी केली. नवी साडी घेतली. माझ्या गावचं बोलणं दारातच ठेवून ‘मला’, ‘तुला’, ‘असं का’ असं जपून बोलत बसले. ह्यांनाही बजावलं होतं, की विचारतील तेवढंच बोला.

कोणीतरी विचारलंच. “शंभूभाऊ, तुम्ही म्हणे ती रेसची गाडी सांभाळायचात. कशी होती हो?”

ह्यांना गाडी कशी होती ते शब्दांत कुठे सांगता येत होतं. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत तसे पुढे धरले आणि सुरू केलं. आधी थंड इंजिनाची खोकल्यासारखी धडपड, मग डुगडुग, मग पहिला, दुसरा. मान मागे गेली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, वळणावर हे सबंध सोफ्यासकट डावीकडे कलले. ओठांवरून थुंकी उडत होती. मुलं हसायला लागली, मग मोठी माणसं. बँकेतले एक गृहस्थ हसून हसून डोळे पुसत होते आणि “वन्स मोअर” म्हणत होते. त्यांची बायको माझ्याकडे बघून हसली. बस, ती माझ्याकडे बघून हसली तिथे माझं डोकं फिरलं.

“बस झाला आता,” मी म्हटलं. “चार माणसांत कसा बसूचा ता कळणा नाय तुमका? माकड करून नाचवतत, आणि तुमी नाचतास.”

हे तिसऱ्या गिअरमध्ये होते, तिथेच थांबले. डोळे उघडले, हात खाली घेतले. “सॉरी,” असं इंग्रजीत सगळ्यांना म्हणाले.

आणि आता लाजेची खरी गोष्ट सांगते. त्या क्षणी मला ह्यांचं काही वाटलं नाही. सगळ्यांसमोर माझ्या तोंडून मालवणी निघाली, ह्याची लाज वाटली. घरी येईपर्यंत टॅक्सीत मी त्याचाच विचार करत होते.

त्या दिवसापासून आवाज बंद. दात घासताना नुसतं दात घासणं, जिन्यात नुसती चपला वाजायची. नजीबने दोन-तीनदा “यल्ला” करून बघितलं, हे मान हलवून पुढे गेले. शेवटी त्याने मलाच विचारलं, “भाभी, गाडी खलास?” मी हसून वेळ मारून नेली. पहिला महिनाभर मला बरंच वाटलं, म्हटलं, शहाणे झाले. मग घरात एसीची घरघर ऐकू यायला लागली. इतकी वर्षं तो एसी घरघरत होता, मला ठाऊक नव्हतं.

पुढे एकदा स्मिताताई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, “मथुरावहिनी, रागावू नका, पण त्या दिवशी आम्ही त्यांना हसत नव्हतो हो. इतकं सुंदर करत होते. राजन तर परवाही आठवण काढत होता.” माकड मीच म्हटलं होतं, दुसऱ्या कुणीच नाही.

एकदा धीर करून मी ताट वाढताना विचारलं, “आज गाडी नाय काढलास?”

“विकलंय ती,” हे म्हणाले आणि जेवायला लागले. रागाने नाही. खरोखरच विकली असावी तसे.

आमच्यात बायकोने नवऱ्याची माफी मागायची रीत नाही. माशाचा मोठा तुकडा वाढायचा आणि ज्याने त्याने समजून घ्यायचं. मी दोन वर्षं मोठे तुकडे वाढले. ते त्यांनी खाल्ले. पण माशाने काय होतं?

आणि मग साहेबाचं पत्र आलं. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून राजनसाहेबांनीच उत्तर लिहून आपला नंबर कळवला. हे नको म्हणत होते, हट्ट मी धरला. मला वाटलं, मी मागून जे होत नाही ते साहेबाच्या एका फोनने होईल.

त्या शुक्रवारी आम्ही साडेतीनलाच गेलो. तर तिथे ते बँकेतलं जोडपं चहाला आलेलं. त्या बाईंनी मला ओळखलं आणि “अय्या, तुम्ही त्या...” म्हणून कपात बघू लागल्या. मी मनात म्हटलं, हो, मी तीच.

चारला पाच मिनिटं असताना फोन वाजला. राजनसाहेब आधी बोलले, मग ह्यांना दिला आणि कान लावून शेजारी वाकून उभे राहिले. “येस सर. फाइन सर. वाइफ फाइन,” एवढं झालं. मग पलीकडे गाडी सुरू झाली. आम्हाला डब्यात चणे हलवावेत इतपतच ऐकू येत होतं. पण ह्यांचे डोळे मिटले. मांडीवरचा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला.

“मधलो उपाशी हा,” हे हळूच मला म्हणाले. त्या गाडीत पेट्रोल पाजणारे तीन कार्ब्युरेटर होते, त्यातल्या मधल्याला कमी पडत होतं. म्हणजे कळलं होतं, लगेच कळलं होतं.

राजनसाहेबांनी ते साहेबाला सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. राजनसाहेब म्हणाले, “ते म्हणतात, मधला पोरांनी चारदा जुळवला. किती ते कळत नाही. बरोबर आवाज कसा ते तुम्ही काढून दाखवा. पोरगा इथेच उभा आहे, तो ऐकून जुळवेल. म्हणतात, मलाही ऐकायचाय.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभरच. रागाने बघितलं असतं तर मला चाललं असतं. पाहुण्याने खाऊ पुढे केल्यावर मूल बापाकडे बघतं, तसं बघितलं. मग रिसीव्हरमध्ये म्हणाले, “सॉरी सर. ओल्ड मॅन नाऊ. फरगेट.”

पन्नाशी नव्हती झाली अजून.

मी उठले आणि ह्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की आता फोन खाली ठेवला की तो कायमचा ठेवला जाईल. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी खोकला आला, तो खराच होता. मग डुगडुग. ती हिरवी गाडी कसली, आमच्या गावची भाताची गिरणी सुरू झाली. बँकेतल्या बाईंनी तोंडाला पदर लावल्याचा आवाज सुद्धा मला ऐकू आला. कान तापले, अंगाला घाम फुटला. ह्यांना त्या दिवशी कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. पण त्यांना तोवर लाज ठाऊकच नव्हती, ती मी दिली. मी गाडी तशीच दुसऱ्यात घातली.

तिसऱ्यात घातली आणि ह्यांना राहवेना.

“तसा नाय,” हे म्हणाले. “रेटू नको तिका.”

“मगे कसा?”

“सोडूची लागता. ती आपणच जाता.”

आणि त्यांनी रिसीव्हर माझ्याकडून घेतला. बिघडलेलं इंजिन समोर ठेवून हात बांधून बसायची ह्यांना सवयच नव्हती. मला वाटलं, आता डोळे मिटतील, मान मागे टाकतील, सोफ्यासकट कलतील. मी बाजूला सरकून जागाही केली.

हे उभे राहिले. फोनची तार पुरेल तितके कोपऱ्यात गेले आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या हाताची ओंजळ करून तोंड आणि रिसीव्हर दोन्ही झाकलं. बायका आजारी माणसाबद्दल कुजबुजतात तसे उभे होते. आणि त्या ओंजळीत त्यांनी गाडी चालवली. हलक्या आवाजात, पण सबंध. पहिला, दुसरा, मग तिसऱ्याला ती गायला लागली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते गाणं ऐकू आलं. आम्हाला फक्त पाठ दिसत होती आणि गिअरगणिक वर जाणारे खांदे. कुणी हसलं नाही. राजनसाहेबांनी हातातला कप सुद्धा खाली ठेवला नाही.

पलीकडे पुन्हा गाडी सुरू झाली. हे ऐकत होते, ओंजळीतून थोडं वर, थोडं खाली करत होते. आठ-दहा मिनिटं गेली असतील. मग म्हणाले, “नाऊ गुड. नाऊ गुड सर.” पलीकडे साहेब हसत होता की खोकत होता, कळलं नाही. ह्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, शर्ट नीट केला आणि माझ्याशेजारी, सोफ्याच्या कडेला येऊन बसले.

जरा वेळाने माझ्या कानाशी वाकले.

“कोणी बघूक नाय मां?”

“नाय,” मी म्हटलं. माझ्यासकट खोलीतली पाचही माणसं त्यांच्याकडेच बघत होती.