चौकट दिसतेय

त्या घरात थाप मारणं फार अवघड होतं. कोणी मारलीच, तर बाबा डोळे बारीक करून एवढंच म्हणायचे, "चौकट दिसतेय." की समोरच्याने मुकाट्याने खरं सांगून टाकायचं.

हा शब्द तारांगणातून घरी आला होता. बाबा तिथे प्रक्षेपक चालवायचे. घुमटाखाली अंधार झाला, तारे लागले, की मधेच एखादा ग्रह स्लाइडवरून आकाशात टाकायचा. आता ग्रह असतो गोल आणि स्लाइड असते चौकोनी. स्लाइडचा काळा भाग पुरेसा काळा नसला, तर ग्रहाभोवती फिकट राखाडी चौकोन उमटतो आणि सगळं सोंग उघडं पडतं. म्हणून बाबा बारीक कुंचला घेऊन प्रत्येक स्लाइडवर ग्रहाच्या कडेकडेने काळा रंग भरायचे. त्यांचे ग्रह बिनचौकटीचे होते आणि हे सांगताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

धूमकेतूने मात्र त्यांना हात टेकायला लावले. शेपूट विरत विरत नाहीसं होतं. कुंचल्याला कुठेतरी थांबावंच लागतं. त्यामुळे त्यांचा धूमकेतू आखूड आणि बोथट झाला. एकदा खेळ सुटल्यावर जिन्यात कोणीतरी म्हणालं, "तो झाडू काय भारी होता!" बाबांनी ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

त्यांची मुलगी, लाडाचं नाव ठिपकी, पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्याच तारांगणात लागली. वशिल्याने नाही, हे ती कोणी न विचारताच सांगायची. संचालकबाईंच्या मागे लागून तिने एक यंत्र आणवलं होतं: फिल्म रेकॉर्डर. टेबलावर मावेल अशी करडी पेटी, तिच्या एका टोकाला कॅमेरा. पेटीच्या आत तळहाताएवढा पडदा. संगणकातलं चित्र तो पडदा एकेक रेघ करून उजळतो आणि कॅमेरा डोळा न मिटता बघत राहतो. एकदा लाल काचेतून, मग हिरव्या, मग निळ्या. तिन्ही फेऱ्या झाल्या, फिल्म धुतली, की रंगीत स्लाइड तयार. पण तेवढ्यात कोणी टेबलाला धक्का दिला, तर तिन्ही रंग एकमेकांशी फारकत घेतात. म्हणून तिने दारावर पाटी लावली होती : 'आत चित्र चालू आहे. पाय आपटू नयेत.' बाबा चवड्यांवर चालत यायचे आणि बाहेरून कुजबुजायचे, "बाळंतीण सुखरूप आहे का?"

नव्या खेळासाठी ठिपकीने धुळीच्या कणांचं गणित मांडून धूमकेतू तयार केला. अर्ध्या आकाशावर पसरेल एवढं शेपूट. संगणकावर तो बघून संचालकबाईंनी "वा!" म्हटलं. मग तालमीत तो घुमटावर टाकला आणि धूमकेतूच्या आधी चौकोनच दिसला. आकाशाला ठिगळ लावल्यासारखा.

अंधारातून बाबांचा आवाज आला, तोही नाइलाजाने. "ठिपके, चौकट दिसतेय."

"मलाही दिसतेय," संचालकबाई म्हणाल्या. "हे यंत्र आपण परतीच्या बोलीवर आणलंय, विसरू नकोस. शनिवारच्या खेळाला हे जमलं तर ठेवू. नाहीतर ते परत जाईल आणि तू खाली चौकशीच्या खिडकीत. धूमकेतू काय, बाबांचा जुना आहेच."

"तो झाडू?" ठिपकीच्या तोंडून निसटलं.

बाबांनी दिवे लावले. जरा घाईनेच लावले. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "हो. तोच."

घरी आई शिलाई मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे शिवायची आणि तिची टीप शोधून सापडायची नाही. ठिपकीने सगळं सांगितलं, झाडूसकट.

"शाब्बास," आई म्हणाली. "बापाचं नाक कापून आलीस."

"आई, मी मुद्दाम नाही म्हटलं गं. पण चौकट येतेच कशी? चित्रातला काळा म्हणजे उजेडाचा आकडा शून्य. मी स्वतः तपासलं. शून्य म्हणजे शून्य!"

"मग एक कर. चित्रच काढू नकोस. काहीच काढलं नाहीस, तर चौकट येणार कुठून?" एवढं बोलून आईने पुन्हा मशीनचं पायडल हलवायला सुरुवात केली.

ठिपकी उठली, परत बसली. "काहीच नाही याचं चित्र," ती स्वतःशीच म्हणाली. "आई, तू ग्रेट आहेस."

"ते मला माहीत आहे. ताटं घे."

सकाळी तिने यंत्राला एक कोरं चित्र दिलं, निव्वळ शून्यांचं. तिन्ही फेऱ्या होऊ दिल्या. फिल्मच्या पुढच्या घराला कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण लावलं आणि पडद्याकडे बघूच दिलं नाही. फिल्म धुऊन दोन्ही घरं तिने प्रकाशाच्या पेटीवर शेजारीशेजारी ठेवली. टोपणातला काळा कोऱ्या कापडासारखा गडद होता. शून्याचा काळा दहा वेळा धुतलेल्या कापडासारखा विटलेला. पडद्याला शून्य सांगितलं तरी तो किंचित उजळत होता, आणि कॅमेरा तो उजेड तीनदा गोळा करत होता. संगणकाचं शून्य हे पडद्याचं शून्य नव्हतं. इतके दिवस तिने चौकटीला स्वतःच्या हाताने आत घेतलं होतं.

पडद्याचा उजेड तिने उतरवत नेला. दोन्ही काळे सारखे झाले. त्या मापाने धूमकेतू काढला, तर चौकट गेली, पण शेपटाचा फिकट भागही तिच्याबरोबर गेला. उरला आखूड, बोथट धूमकेतू. ठिपकी त्याच्याकडे बघतच राहिली. थेट बाबांचा झाडू! कुंचला जिथे थांबला होता, नेमकं तिथेच तिचं यंत्रही थांबलं होतं. मग तिला हसू आलं आणि पाठोपाठ कालच्या शब्दाची लाज वाटली.

उरलेले दिवस तिने फिकट छटांच्या मागे घालवले. शून्य खालीच ठेवायचं, पण त्याच्या लगतची छटा उचलून बरोब्बर तिथे न्यायची, जिथे फिल्मला उजेडाची नुकती जाग येते. एक पायरी वर गेली तर शेपटाला कडा येते, खाली गेली तर शेपूटच जातं. रिळामागून रीळ धुतलं गेलं.

शनिवारी ती स्लाइड घेऊन धावत बाबांकडे गेली, तेव्हा लोक आत येऊन बसतही होते. तालमीला वेळच नव्हता. बाबांनी स्लाइड उजेडासमोर धरली, भिंग लावलं, बराच वेळ बघितली.

"बाबा, परवाचं ते..."

"शेपूट विरतंय," ते म्हणाले. "मला वीस वर्षांत नाही जमलं."

त्यांनी ती प्रक्षेपकात घातली. जुनी स्लाइड शेजारच्या प्रक्षेपकात तयार होती. तिच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं, ठिपकीकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

अंधार झाला. तारे लागले. मग धूमकेतू आला. ठिपकी दाराशी उभी राहून चौकट शोधत होती. पहिल्या रांगेत संचालकबाईही मान वर करून तेच करत होत्या.

आणि बाबांनी चित्र आकाशभर फिरवणाऱ्या आरशाचा दांडा हातात घेतला. स्थिर चौकट एखाद वेळी लपून जाते. हलली की पकडली जातेच. आजवर त्यांनी एकही स्लाइड आकाशात हलवली नव्हती. धूमकेतू पूर्वेकडून निघाला, डोक्यावरून गेला, सावकाश पश्चिमेला उतरला. त्याच्यामागे फक्त काळोख होता.

"मंडळी," माइकवर बाबांचा आवाज आला, "शेपूट कुठे संपतं ते ज्याला कळेल, त्याने हात वर करावा."

"अंधारात हात दिसणार कोणाला?" मधल्या रांगेतून आईचा आवाज आला. सगळा घुमट हसला.

"खरं आहे. मलाही शेपटाचं टोक दिसलं नाही." ते पुढे म्हणाले, "हा धूमकेतू माझ्या मुलीने केलाय."

खेळ सुटल्यावर संचालकबाई जाता जाता ठिपकीला म्हणाल्या, "यंत्र राहतंय. ती पाटी मात्र मोठ्या अक्षरांत लिही. मीच परवा पाय आपटत गेले होते."

घुमट रिकामा झाला. बाबा अजून जागेवरच होते.

"चौकट?" ठिपकीने विचारलं.

"शोधतोय अजून," ते म्हणाले. दिवे बंद केले आणि धूमकेतू पुन्हा पूर्वेकडून सोडला.